चाल हरवते कुठे? जॅझ, सोप्या भाषेत

३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. युनेस्कोने २०११ साली तसं जाहीर केलं आणि तेव्हापासून एप्रिल संपत आला की मुंबई-पुण्यात कुठे ना कुठे जॅझच्या मैफली लागतात. अशाच एका मैफलीला मी मावशीला घेऊन गेलो. मावशीचा कान तयार आहे, वर्षानुवर्षं सवाईला सतरंजीवर बसून ऐकलेली बाई. बाहेर आल्यावर म्हणाली, "पहिली दोन मिनिटं गाणं होतं. मग ते हरवलं. प्रत्येक जण आळीपाळीने शोधत होता. शेवटी एकदम सापडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधे नक्की काय चाललं होतं रे?"

जॅझबद्दल याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही, कारण ते 'मधलं' हेच जॅझ आहे. सुरुवातीची चाल म्हणजे नुसतं निमित्त. आणि जॅझच्या शंभरेक वर्षांत ज्या शैली आल्या, स्विंग, बीबॉप, कूल, मोडल, फ्री, त्या सगळ्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून आहे: या मधल्या भागात काय बांधून ठेवायचं आणि काय मोकळं सोडायचं.

## आधी दोन शब्द

पहिला शब्द आपल्याकडचाच: उपज. गवई आयत्या वेळी सुचेल तसा बंदिशीचा विस्तार करतो, ती उपज. जॅझमध्येही तेच करतात.

दुसरा शब्द कॉर्ड. पेटीवर सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबा. झाली एक कॉर्ड. आता म, ध आणि वरचा सा दाबा. ही दुसरी. प, नी, वरचा रे ही तिसरी. तिन्ही एकामागून एक वाजवून पाहा. पहिलीला घरात बसल्यासारखं वाटतं, दुसरीला उंबऱ्याबाहेर पाऊल पडतं, तिसरीला कधी एकदा घरी परततो असं होतं.

जॅझच्या गाण्यात या कॉर्ड ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या मात्रांवर येतात, आणि तो क्रम संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे आवर्तनच. देवळातली प्रदक्षिणा डोळ्यांपुढे आणा. वाटेत ठरावीक जागी मारुती, मग शनी, मग पिंपळाचा पार. तुम्ही कसे चालता, गाणं गुणगुणता की कुणाशी बोलता, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मारुतीपुढे आलात की हात मारुतीला जोडले पाहिजेत आणि शनीपुढे शनीला. वादक सुरुवातीला मूळ चाल वाजवून सगळ्यांना वाट दाखवतो. मग चाल सोडून देतो, वाट मात्र सोडत नाही. मावशीला चाल हरवली असं वाटलं तेव्हा बास (खालचे सूर धरणारं मोठं तंतुवाद्य) आणि पियानो तीच प्रदक्षिणा पुन्हा पुन्हा घालत होते.

सगळ्यात साधी प्रदक्षिणा ब्लूजची. चार मात्रांचा एक खंड असे बारा खंड, आणि मुळात वरच्या तीनच कॉर्ड. ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. त्यात एक असा गंधार लागतो जो कोमल नाही आणि शुद्धही नाही, दोन्हींच्या मधे कुठेतरी डोलतो. पियानोवर त्याला पट्टीच नाही. आपल्या कानाला मात्र त्याचं नवल वाटू नये.

## न्यू ऑर्लिन्स: सगळे एकदम बोलतात

मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचं हे बंदर आधी फ्रेंच, मग स्पॅनिश, मग अमेरिकन. इथल्या काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात एकोणिसाव्या शतकात गुलामांना रविवारी जमून ढोल वाजवायची, नाचायची मुभा होती. याच शहरात क्रिओल म्हणजे मिश्र वंशाची, बरीचशी सुशिक्षित मंडळी राहत. ती युरोपीय पद्धतीने नोटेशन वाचून क्लॅरिनेट, व्हायोलिन शिकलेली. १८९०च्या दशकात वंशभेदाचे कायदे कडक झाले आणि क्रिओलांनाही 'काळे' म्हणून त्याच बाजूला ढकललं गेलं. त्यातून वाचून वाजवणारे आणि कानाने वाजवणारे एकाच बँडमध्ये आले. जॅझ जन्माला यायला इतरही कारणं आहेत, पण मला हे सर्वांत मोठं वाटतं. अन्याय करायला केलेल्या कायद्याने दोन शाळा एकत्र बसवल्या.

बडी बोल्डन हा या काळातला दंतकथा झालेला कॉर्नेटवादक. (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं बुटकं भावंड.) १९०७ साली त्याला मनोरुग्णालयात दाखल केलं, १९३१ मध्ये तो तिथेच गेला, आणि त्याच्या वादनाचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. पहिली जॅझ तबकडी निघाली १९१७ मध्ये, ती न्यू ऑर्लिन्सच्या पाच गोऱ्या वादकांची. ज्यांनी संगीत घडवलं त्यांच्या तबकड्या निघायला आणखी काही वर्षं जावी लागली.

या जुन्या शैलीत एकटा कलाकार पुढे येऊन वाजवत नाही. कॉर्नेट चाल धरतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वेल चढवतो, ट्रॉम्बोन खालून हुंकार भरतो, आणि सगळे एकाच वेळी उपज करत असतात. चाळीच्या गॅलरीत तीन बायका एकदम बोलतात आणि तिघींनाही तिघींचं कळतं, तसं काहीसं.

## आर्मस्ट्राँग: एक जण पुढे येतो

लुई आर्मस्ट्राँग याच शहरातला. लहानपणी नववर्षाच्या रात्री पिस्तुलाचा बार काढला म्हणून त्याला मुलांच्या सुधारगृहात पाठवलं. तिथल्या बँडमध्ये तो कॉर्नेट शिकला. दक्षिणेतून उत्तरेकडच्या कारखान्यांत कृष्णवर्णीयांचे लोंढे जात होते, संगीतही त्यांच्यामागे गेलं. १९२२ मध्ये गुरू किंग ऑलिव्हरने बोलावल्यावर आर्मस्ट्राँग शिकागोला पोचला.

१९२५ ते १९२८ या काळात त्याने केलेल्या तबकड्यांनी सगळं उलटंपालटं केलं. (पहिल्या तबकड्यांत पियानोवर त्याची बायको लिल हार्डिन आहे. ती स्वतः उत्तम रचनाकार होती, आणि आर्मस्ट्राँगने ऑलिव्हरच्या सावलीतून बाहेर पडावं म्हणून तिनेच त्याला ढकललं.) १९२८च्या 'वेस्ट एंड ब्लूज'ची सुरुवात ऐका. साथीला कुणी नाही, एकट्या ट्रम्पेटची मोकळी, चढत जाणारी आणि घसरत उतरणारी तान. त्यानंतर जॅझ हे 'सगळे मिळून'चं न राहता 'आता याचं ऐका'चं संगीत झालं. गळ्यानेही त्याने तेच केलं. शब्द सोडून दुबी-दाबी अक्षरांवर गायचं, त्याला स्कॅट म्हणतात. तराणा ऐकलेल्याला ते समजावून सांगायला नको.

आणि हे सगळं तीन मिनिटांत, कारण तबकडीची एक बाजू तेवढीच. आपल्या गवयांनाही त्याच तबकडीने ख्याल तीन मिनिटांत आवळायला लावला होता.

## स्विंग: लोक नाचतात

१९३०च्या दशकात बँड मोठे झाले. बारा, पंधरा वादक. एवढ्यांनी एकदम उपज केली तर बाजार भरेल. म्हणून बहुतेक भाग लिहून आणायचा आणि उपजेला मधे मधे ठरावीक जागा ठेवायच्या. दोर आखडला, पण कमावलंही बरंच. ड्यूक एलिंग्टनने बँडलाच वाद्यासारखं वापरलं. अमक्या वादकाचा फुटका, रडवा सूर कुठे शोभेल हे मनात धरून तो लिहायचा. १९२७ पासून तो न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात होता. तिथे रंगमंचावर काळे आणि टेबलांवर फक्त गोरे, असा नियम.

स्विंग हा शब्द लयीचाही आहे. कागदावर दोन सारखे स्वर लिहिलेले असतात, पण वाजवताना पहिला लांबवतात आणि दुसरा आखडतात. 'टक-टक' नाही, 'टाऽक-ट, टाऽक-ट'. डुलत चालल्यासारखं. हे कागदावर नीट लिहिता येत नाही. गुरूकडून किंवा तबकडीवरूनच उचलावं लागतं.

'किंग ऑफ स्विंग' हा किताब मिळाला बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवादकाला. त्याच्या बँडची कितीतरी गाजलेली बांधणी फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराकडून घेतलेली होती. गुडमनच्या बाजूने एवढं सांगायला हवं की १९३५-३६ मध्ये, जेव्हा काळे-गोरे एका मंचावर बसत नसत, त्याने टेडी विल्सन आणि लायोनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना आपल्यासोबत उभं केलं.

## "मनाला येईल ते वाजवतात, नाही का?"

नाही. याचं उत्तर एका पोराच्या फजितीत आहे.

१९३६च्या सुमारास कॅन्सस सिटीत चार्ली पार्कर नावाचा सोळा वर्षांचा मुलगा मुरलेल्या वादकांत घुसून सॅक्सोफोन वाजवायला लागला. थोडा वेळ बरं चाललं. मग प्रदक्षिणेची वाट चुकली, कॉर्ड एक आणि हा भलतीकडेच. ड्रमवर जो जोन्स होता. त्याने झांज काढून पार्करच्या पायाशी फेकली. खण्णकन आवाज झाला आणि सगळे हसले. पोरगा घरी गेला, पुढच्या उन्हाळ्यात सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या तबकड्या घेऊन बसला आणि त्यातली उपज स्वर न् स्वर पाठ केली.

दहा वर्षांत त्याच पार्करने, डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक, केनी क्लार्क यांच्या सोबतीने, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या मिंटन्स प्लेहाउससारख्या ठिकाणी रात्री जागवत बीबॉप घडवलं. प्रदक्षिणेची वाट जुनीच, पण दोन देवांच्या मधे आणखी चार छोटे देव बसवले आणि चालायचं सोडून पळायला लागले. प्रत्येकापुढे हात जोडायचेच. १९४५चं 'को-को' ऐकलं तर आधी धापच लागते.

यांची एक युक्ती नाट्यसंगीत जाणणाऱ्याला लगेच कळेल. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदावर 'चाल: अमुक' असं छापलेलं असे. चाल जुनी, शब्द नवे. बीबॉपवाल्यांनी कॉर्ड जुन्या ठेवल्या आणि चाल नवी रचली. 'को-को'ची प्रदक्षिणा 'चेरोकी' या लोकप्रिय गाण्याची आहे. कारण कलात्मक होतं तसं व्यवहारीही: मालकी हक्क चालीवर असतो, कॉर्डच्या क्रमावर नाही, त्यामुळे जुन्या रचनाकाराला पैसे द्यावे लागत नसत.

मोठे बँड याच सुमारास का बसले, यालाही असाच व्यवहार होता. युद्धात वादक सैन्यात गेले, पेट्रोलचं रेशनिंग झालं, आणि १९४४ मध्ये जिथे नाच-गाणं चालतं अशा जागांवर ३० टक्के कर बसला. बसून ऐकायच्या निव्वळ वाद्यसंगीताला तो नव्हता. मग छोटा बँड, खुर्च्या, आणि नाच बंद. जॅझ पायांकडून कानांकडे गेलं ते काही अंशी करखात्यामुळे.

## १९५९: एका वर्षात तीन वाटा

बीबॉपची दमछाक झाल्यावर कुणीतरी श्वास घेणारच होतं. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने १९४९-५० मध्येच संथ, मवाळ 'कूल' शैलीचे प्रयोग केले होते. दुसरीकडे आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर यांनी चर्चमधल्या गाण्याची आणि ब्लूजची ऊब परत आणली, ती हार्ड बॉप. पण खरी गंमत १९५९ची.

पहिली वाट माइल्सची. मार्च आणि एप्रिलमधल्या दोनच दिवसांत त्याने 'काइंड ऑफ ब्लू' ध्वनिमुद्रित केलं. त्याने देव वाढवले नाहीत, जवळजवळ सगळे उचलून टाकले. पहिली रचना 'सो व्हॉट'. बत्तीस खंडांचं आवर्तन, त्यातले सोळा खंड एकच स्वरसप्तक. मग आठ खंड तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर सरकतं, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. बस. आणि ते सप्तक कुठलं? कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. आपला काफी थाट. अंगण मोठं, देव दोनच, निवांत फिरा. याला मोडल जॅझ म्हणतात. त्या ताफ्यात पियानोवर बिल एव्हान्स होता, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन होता. तबकडी बाजारात आली ऑगस्टमध्ये. त्यानंतर काही दिवसांतच, ज्या क्लबच्या दारावर त्याच्या नावाची पाटी होती त्याच दारात सिगारेट ओढत उभ्या असलेल्या माइल्सला पोलिसांनी डोकं फुटेस्तोवर मारलं. हे गाळून त्या शांत संगीताची गोष्ट सांगणं मला खोटं वाटतं.

दुसरी वाट पियानोवादक डेव्ह ब्रुबेकची. त्याने कॉर्डला फारसा हात लावला नाही, ताल बदलला. जॅझ बहुतेक चार मात्रांत चालतं. त्याच्या 'टाइम आउट' या तबकडीतलं 'टेक फाइव्ह', पॉल डेस्मंडची रचना, पाच मात्रांत आहे, तीन अधिक दोन. झपतालात वाढलेल्या माणसाला यात क्रांती काय ते पटकन दिसत नाही, पण तिकडे ती होती. ब्रुबेक आदल्याच वर्षी अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर तुर्कस्तानपासून भारतापर्यंत फिरून गेला होता. तिथले विषम ताल त्याच्या कानात राहिले.

तिसरी वाट ऑर्नेट कोलमनची. प्लास्टिकचा पांढरा सॅक्सोफोन घेऊन तो नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात आला आणि प्रदक्षिणाच रद्द केली. कॉर्डचं आवर्तन नाही, ठरलेले देव नाहीत. एकमेकांचं ऐका आणि जिकडे जावंसं वाटेल तिकडे जा. पुढे याला फ्री जॅझ म्हणू लागले. निम्मे श्रोते थक्क झाले, निम्मे चिडले. चिडलेल्यांत मोठे वादकही होते. मला स्वतःला फ्री जॅझ अर्धा तास झेपतं, पुढे नाही. पण त्यात शिस्त नाही हा आरोप मला पटत नाही. नियम नसताना चार जणांनी एकमेकांना न तुडवणं अवघडच.

## "म्हणजे आपल्या रागसंगीतासारखंच की"

उपजेपुरतं हो. बाकी जपून बोलावं. आपल्याकडे तानपुरा अखंड सांगत असतो की षड्ज इथे आहे. सगळा डोलारा त्या एका न हलणाऱ्या सा वर. बहुतेक जॅझमध्ये पायाखालची जमीनच दर काही मात्रांनी सरकते आणि कौशल्य तोल सांभाळण्यात असतं. राग म्हणजे नुसतं सप्तक नाही. त्याला चलन आहे, वादी-संवादी आहेत, कुठल्या स्वरावर किती रेंगाळायचं याचे संकेत आहेत. 'सो व्हॉट'मध्ये काफीचे स्वर आहेत, काफी राग नाही.

तरी ओढ होतीच. कोल्ट्रेन पुढे एकाच स्वरावर बराच वेळ तरंगणारं संगीत करू लागला. १९६१ मध्ये त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजवली, आणि १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव रविशंकर यांच्यावरून रवी ठेवलं. माइल्सने १९६९-७० मध्ये 'बिचेस ब्रू'मध्ये इलेक्ट्रिक वाद्यं आणून जॅझला रॉकशी जोडलं, त्याला फ्यूजन म्हणतात. त्याच ध्वनिमुद्रणातला गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन पुढे झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत 'शक्ती' हा बँड घेऊन आला. माहीमला वाढलेल्या तबलजीपुढे बसलेला तो गिटारवाला पाहिला की कोण कुणाच्या घरी पाहुणा हे सांगता येत नाही.

## "यात आपला काय संबंध?"

तुम्ही 'अलबेला' पाहिलाय ना? १९५१चा भगवानदादांचा. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यांच्या हाताशी होते गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो शाव्हिएर वाझ, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत. भारताचे लुई आर्मस्ट्राँग अशी त्यांची ख्याती होती. सिनेमात त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो.

१९३५ मध्ये लिऑन ॲबीने कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्या शेजारी बसून वाजवायला शिकले ते बहुतांशी गोवेकर. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे कागद वाचणारे वादक मुंबईला तिथूनच मिळत. स्वातंत्र्यानंतर दारूबंदी आली, हॉटेलांचे डान्स फ्लोअर ओस पडले आणि हे वादक दादर-ताडदेवच्या स्टुडिओंत गेले. संगीतकार चाल गुणगुणायचा, गोवेकर अरेंजर ती पन्नास वाद्यांसाठी लिहून काढायचा. श्रेयनामावलीत त्यांची नावं शोधायला जाऊ नका, क्वचितच सापडतील. लहानपणी 'ईना मीना डीका'वर नाचलेल्या प्रत्येकाच्या पायात थोडा स्विंग शिरलेला आहे.

आणि १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांनी सुरू केलेली 'जॅझ यात्रा' मुंबईच्या रंगभवनात उघड्या आभाळाखाली भरे. पहिल्याच वर्षी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स आला होता. तो मुंबईला परका नव्हता. १९६०च्या दशकाअखेर पवईच्या आश्रमात काही महिने राहून गेलेला.

## "पण आता जॅझ संपलं ना?"

नाचघरातलं संपलं. १९८०च्या दशकात ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिसने जुना वारसा जपायचा झेंडा हाती घेतला, तर नंतरच्या पिढीने हिपहॉपशी घरोबा केला. सॅक्सोफोनवादक कामासी वॉशिंग्टनचं तीन तबकड्यांचं 'द एपिक' आणि रॅपर केंड्रिक लामारचं ज्यात तोच सॅक्सोफोन ऐकू येतो ते ध्वनिमुद्रण, दोन्ही २०१५ची. विजय अय्यर, रुद्रेश महंथप्पा ही भारतीय वंशाची नावं आज तिथे पहिल्या रांगेत आहेत.

## मावशीचा गृहपाठ

पुढच्या रविवारी मी मावशीला 'सो व्हॉट' लावून दिलं. सुरुवातीची चाल बास वाजवतो आणि बाकीचे दोनच स्वरांत 'हं-हं' करून उत्तर देतात, कीर्तनात झीलकरी दुजोरा देतात तसं. मी म्हटलं, "चाल विसर. चार-चार मात्रा बोटांवर मोज. सोळा खंड झाले की काय होतं ते सांग."

ती डोळे मिटून पेऱ्यांवर अंगठा सरकवत बसली. पहिल्यांदा मोजणी चुकली, पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा सोळावा खंड संपला आणि अंगठा थांबला.

"सा हलला," ती म्हणाली.

आठ खंड गप्प बसली. मग मान डोलावली, बरोबर समेवर.

"आला परत. आता बोलू नकोस, ट्रम्पेटवाला सुरू करतोय."